सात दिवसांत चार बेटं? लक्षद्वीपचा बेत उलटीकडून आखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकहून पाच जणांचं कुटुंब निघणार आहे: नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी, अडुसष्ट वर्षांचे सासरे (मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात) आणि चौसष्ट वर्षांच्या सासूबाई. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, हातात सात दिवस. अगत्ती, बंगाराम, कवरत्ती आणि मिनिकॉय अशी चारही बेटं बघायची आहेत. रजा मंजूर झालेली आहे. आता विमानाची तिकिटं काढू का, असं ताईंनी विचारलंय.

ताई, तिकिटं आज काढू नका. मी गेली सतरा वर्षं आठ-दहा जणांचे गट घेऊन लक्षद्वीपला जाते. या काळात जेवढे बेत फसलेले पाहिले, त्यातले बहुतेक याच क्रमानं फसले: आधी रजा, मग तिकीट, मग परवाना, आणि जहाजाचं बघू पुढे. तिथे हा क्रम उलटा लागतो. बेटावरून परत कोचीला आणणारी बोट किंवा विमान कोणत्या दिवशी आहे, हे आधी शोधायचं. त्यावरून जायचा दिवस ठरवायचा, मग कोणत्या बेटावर राहायला जागा आहे ते बघायचं, त्या बेटाच्या नावाचा परवाना काढायचा आणि रजेचा अर्ज सगळ्यात शेवटी टाकायचा. तुमची रजा आधीच मंजूर आहे, हे मला कळतंय. तरी साहेबांशी एकदा बोलून पाहा, कारण तारीख बदलता आली तर अर्धे प्रश्न आपोआप सुटतील.

आधी परवान्याचं सांगते. भारतीय असूनही भारतातच जायला परवाना कशाला, असं पुष्कळ जण जरा रागानंच विचारतात. लक्षद्वीपमधले मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात. बेटं छत्तीस, वस्ती फक्त दहांवर, आणि सगळी जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३ होती. एवढ्याशा जागेत बाहेरून कोणीही येऊन राहायला लागलं तर तिथल्या माणसांना पाय ठेवायला जागा उरणार नाही. म्हणून १९६७ पासून प्रवेशाचे नियम आहेत, आणि सतरा वर्षांनंतर माझं मत असं की ते असायलाच हवेत. परवान्यावर बेटांची नावं लिहिलेली असतात. नाव नसलेल्या बेटावर उतरता येत नाही. ‘अगत्तीचा काढला, कवरत्ती जाता जाता करू’ हे तिथे चालत नाही.

प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेच्या सहलीतून गेलात तर परवान्याची बरीचशी धावपळ वाचते. होमस्टेमध्ये स्वतंत्र राहणार असाल तर ओळखपत्रं, फोटो आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र तयार ठेवा. पोलिसांचा कागद नाशिकलाच काढायचा आहे आणि वेळ तिथेच जातो, म्हणून तो प्रत्येक मोठ्या माणसासाठी वेगळा आणि सगळ्यात आधी टाका. आधार कार्डावरचं नाव, तिकिटावरचं नाव आणि अर्जावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते पाहा. सासूबाईंच्या एका कागदावर माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं, असं असेल तर ते आत्ताच निस्तरा. ‘चार दिवसांत परवाना हातात देतो, पैसे आधी पाठवा’ म्हणणाऱ्या माणसाला पैसे पाठवू नका. अर्ज स्वतः भरा आणि सगळ्याला सहा आठवडे धरून चला.

आता चार बेटांचा हिशेब. नकाशावर सगळी जवळजवळ ठिपक्यांसारखी दिसतात, त्यामुळे गोव्यात एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जातो तसं वाटतं. अगत्ती आणि बंगाराम खरंच शेजारी आहेत. पण अगत्ती ते कवरत्ती पन्नासेक किलोमीटरचा उघडा समुद्र आहे. आणि मिनिकॉय तर दक्षिणेला एकटंच, बाकीच्या बेटांपासून नाइन डिग्री चॅनल नावाच्या रुंद सागरी पट्ट्यानं तोडलेलं, साधारण २०० किलोमीटर लांब. तिथून मालदीवचं उत्तर टोक जास्त जवळ पडतं. मिनिकॉयची भाषाही वेगळी. इतर बेटांवर जेसरी म्हणजे मलयाळमची बोली बोलतात, मिनिकॉयमध्ये महल बोलतात, जी मालदीवच्या दिवेहीची बहीण आहे. सात दिवसांत ही चारही बसवायची तर दर दुसऱ्या दिवशी सामान बांधून धक्क्यावर बसावं लागेल, आणि एक बोट चुकली की पुढचं सगळं कोसळेल.

कोचीहून जहाजानं बेटानुसार चौदा ते वीस तास लागतात. ‘एमव्ही कवरत्ती’ हे त्यातलं मोठं जहाज, सातशे प्रवाशांचं. दोन माणसांची केबिन, चार माणसांची केबिन आणि बंक असे तीन वर्ग असतात. पण लोकांना न सांगितली गेलेली गोष्ट ही आहे की अनेकदा जहाज बेटाला लागत नाही. ही बेटं म्हणजे प्रवाळाची कडी आहेत. पश्चिमेला उथळ खाजण, म्हणजे लगून, आणि कड्याच्या बाहेर समुद्र एकदम खोल. एवढं मोठं जहाज खाजणात शिरू शकत नाही, ते बाहेर उभं राहतं. मग जहाजाच्या बाजूचं दार उघडतात, खाली लहान बोट येऊन लागते, आणि ती लाटेबरोबर वर-खाली होत असताना तिच्यात पाय टाकायचा असतो. दोन्ही बाजूंनी खलाशी दंडाला धरतात. त्यांचे हात फार सरावलेले आहेत, मी त्यांच्या भरवशावर ऐंशी वर्षांच्या आजींना उतरवलंय. तरीही त्या एका क्षणी गुडघ्यानं साथ दिली पाहिजे आणि ‘आता’ म्हटल्यावर पाय उचलला गेला पाहिजे. तुमच्या सासूबाईंना रिक्षातून उतरताना आधार लागत असेल, तर जहाजाचा विचार सोडा. काही बेटांना पूर्व बाजूला धक्के झाले आहेत, पण त्या दिवशी समुद्र कसा असेल त्यावर कुठे उतरायचं ते ठरतं. आपल्याला आधी कळत नाही.

म्हणून तुमच्या कुटुंबासाठी मी अगत्तीला विमानानं जा असं म्हणेन. अगत्तीची धावपट्टी जेमतेम १,२०० मीटरची आहे, त्यामुळे तिथे पंख्यांची लहान विमानंच उतरतात. कोचीहून दीड तासाच्या आत पोचता. अलीकडे गोव्याहून आणि बंगळूरहूनही विमानं सुरू झाली. गोव्याचं विमान तुमच्या तारखांना असेल तर महाराष्ट्रातून जाणाऱ्याला ते फार सोयीचं आहे. पण वेळापत्रक हंगामागणिक बदलतं, तेव्हा त्या महिन्याचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय काही धरून चालू नका. छोट्या धावपट्टीमुळे वजनाची मर्यादा कडक असते. नाशिकहून निघतानाच बॅगा वजनकाट्यावर ठेवा, आणि औषधं, परवान्याच्या प्रती आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत घ्या.

रेल्वेनं कोचीपर्यंत जायचं असेल तर कोकण रेल्वेनं जाणारी मंगला एक्सप्रेस आहे. तिचं पूर्ण नाव मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस. ती नाशिक रोडला थांबते आणि एर्नाकुलमला सोडते, हे तुमचं भाग्यच. फक्त गाडी पोचते त्याच दिवशीचं जहाज किंवा विमान धरू नका. कोचीत जातानाही एक रात्र ठेवा आणि येतानाही.

येतानाची रात्र मी का म्हणते, ते सांगते. माझ्या दुसऱ्याच वर्षी अकरा जणांचा गट होता. परतीचं जहाज सुटायच्या आदल्या संध्याकाळी कळलं की वाऱ्यामुळे ते दोन दिवस उशिरा येणार. कोणाची चूक नव्हती, समुद्र खवळला होता एवढंच. पण मी सगळ्यांची कोची-पुणे तिकिटं जहाज लागायचं त्याच दुपारची काढली होती. ती सगळी बुडाली. त्याहून वाईट म्हणजे गटातल्या एका काकांनी रक्तदाबाच्या गोळ्या मोजून पाच दिवसांच्याच आणल्या होत्या. बेटावरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याच औषधाचा दुसरा प्रकार दिला आणि निभावलं, पण त्या दोन रात्री मला झोप नव्हती. तेव्हापासून माझ्या गटात प्रत्येकाकडे दुप्पट दिवसांची औषधं असतात, ती दोन वेगळ्या पिशव्यांत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ रासायनिक नावासकट. ब्रँड तिथे मिळेलच असं नाही, मूळ औषध मिळू शकतं.

सासऱ्यांच्या इन्सुलिनचं वेगळं बघावं लागेल. राहायच्या जागी फ्रिज आहे का आणि रात्री वीज असते का, हे दोन्ही प्रश्न फोनवर स्पष्ट विचारा. तरीही पाण्यात भिजवून वापरायचं गार पाकीट सोबत घ्या, ते विजेशिवाय चालतं. इन्सुलिन गोठता कामा नये, तेव्हा बर्फाच्या डब्यात थेट ठेवू नका. अगत्तीत आणि कवरत्तीत चांगली रुग्णालयं आहेत, गरज पडली तर हेलिकॉप्टरनं कोचीला नेण्याची सोयही आहे. पण हेलिकॉप्टर हवामान बघूनच उडतं. निघायच्या महिनाभर आधी सासऱ्यांची साखर तपासून घ्या. ती आटोक्यात नसेल तर बेत पुढे ढकला. पायाला जखम होऊ नये म्हणून त्यांना पाण्यात आणि वाळूतही बंद बूट घालायला लावा. मेलेल्या प्रवाळाचे तुकडे सुरीसारखे कापतात आणि मधुमेहात ती जखम लवकर भरत नाही. हे एक वाक्य मी प्रत्येक गटाला तीनदा सांगते.

आता महिना. नैऋत्य मोसमी पावसात, म्हणजे साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, पर्यटकांनी जाऊच नये. त्या काळात वेगवान बोटी बंद असतात. डिसेंबर चांगलाच असतो, पण तो अगदी बिनघोर नसतो. २०१७ मध्ये ओखी वादळ डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत मिनिकॉय आणि कल्पेनी या बेटांवरून गेलं, हे तिथल्या लोकांच्या आजही तोंडी असतं. शिवाय नाताळच्या आठवड्यात केरळात शिकणारी मुलं घरी येत-जात असतात. जहाजावर पहिला हक्क त्यांचा आहे आणि तो असलाच पाहिजे. ते जहाज आपल्यासाठी सहल असली, तरी त्यांची ती एसटी आहे. माझी आवडती वेळ जानेवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. समुद्र तळ्यासारखा होतो आणि पाणी इतकं स्वच्छ, की होडीची सावली तळाच्या वाळूवर दिसते. मुलीची शाळा आहे, म्हणून २६ जानेवारीला जोडून चार दिवस मागता आले तर बघा. फक्त त्या वर्षी रमजान कधी येतोय ते दिनदर्शिकेत पाहा. बहुतेक सगळी वस्ती मुस्लिम आहे. रमजानात दिवसा खाण्याच्या जागा बंद असतात आणि लोक थकलेले असतात. त्या महिन्यात मी गट नेत नाही.

तर बेत असा बसवा. नाशिक ते कोची किंवा गोवा, एक मुक्काम. दुसऱ्या दिवशी अगत्ती. तिथे तीन रात्री. त्यातला एक दिवस बंगाराम आणि तिन्नकरा. ही दोन्ही बेटं एकाच खाजणात आहेत, पण अगत्तीपासून तिथवर जाताना उघड्या समुद्राचा पट्टा लागतो, तेव्हा त्या दिवसाची तारीख आधी पक्की करू नका. ज्या सकाळी नावाडी ‘आज चला’ म्हणेल त्या सकाळी जा. पैशाची मुभा असेल तर एक रात्र बंगारामला काढा. मग परत, पुन्हा एक मुक्काम, आणि घर. हातात एक दिवस मोकळा उरतो, तो मोकळाच राहू दे.

कवरत्ती आणि मिनिकॉय या खेपेला सोडा. मला माहीत आहे की मिनिकॉयचं नाव ऐकून कोणालाही ओढ लागते. माझंही सगळ्यात आवडतं बेट तेच आहे. १८८५ साली उभारलेलं दीपगृह अजून चालू आहे, वर गेलं की दहा-अकरा किलोमीटरचं अख्खं बेट एका नजरेत येतं. गावांची रचना तर मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. प्रत्येक गावाचा एक प्रमुख असतो, त्याला बोडुकाका म्हणतात, बोडु म्हणजे मोठा. आणि बायकांचं काम पाहणारी प्रमुख स्त्रीही असते. पहिल्यांदा ‘काका’ हा शब्द कानावर पडला तेव्हा मला क्षणभर घरी आल्यासारखं वाटलं. तिथले कोळी कुप्याची, म्हणजे ट्यूनाची, मासेमारी जाळ्यानं करत नाहीत, होडीच्या टोकाला उभं राहून गळाच्या काठीनं एकेक मासा उचलतात. जिवंत लहान मासे आमिष म्हणून पाण्यात टाकायचे, वरून पाण्याचे फवारे मारायचे आणि कुप्यांचा थवा वर आला की काठ्या सपासप चालवायच्या. तोच मासा उकडून, धुरी देऊन, उन्हात लाकडासारखा कडक वाळवतात, त्याला मास म्हणतात. हे सगळं बघायला मिनिकॉयला निदान तीन पूर्ण दिवस हवेत. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली की तुम्ही तिघंच जहाजानं जा. प्रशासनाची ‘समुद्रम’ नावाची जहाजाची सहल असते, पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय दाखवतात. दिवसा बेटावर, रात्री जहाजावर. त्या वेळी ती चालू आहे का ते विचारून घ्या.

जहाजानं किंवा लहान बोटीनं, कसंही गेलात तरी बोट लागणारच नाही असं धरू नका. गोळी घ्यायची तर बोट सुटायच्या तासभर आधी, आणि सासऱ्यांच्या बाकीच्या औषधांबरोबर ती चालते का हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. उपाशी बसू नका, पोट तुडुंबही भरू नका. दोन इडल्या किंवा कोरडी पोळी उत्तम. होडीच्या मधोमध बसा, क्षितिजाकडे बघा. मुलीच्या हातात मोबाइल देऊ नका. आल्याची वडी नाशिकहून न्या, मुलं ती आनंदानं खातात.

खाण्याबद्दल थोडंच सांगते. मासे आणि नारळ सोडले तर बहुतेक सगळं केरळातून जहाजानं येतं. भाज्या कमी आणि महाग. तुम्ही शाकाहारी असाल तर राहायच्या जागी आधी सांगा, भात, सांबार, नारळाची चटणी मिळते. चौथ्या दिवशी सासऱ्यांना कंटाळा येईल, म्हणून मेतकूट, भाजलेले शेंगदाणे आणि लिंबाचं जुनं लोणचं सोबत असू द्या. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे, सामानात बाटली नेऊ नका. रोख पैसे पुरेसे ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्राखालची केबल सुरू झाल्यापासून इंटरनेट पुष्कळ सुधारलंय, पण नेमक्या हिशेबाच्या वेळी ते गेलं तर होमस्टेवाल्या बाईंना उधारीवर सोडून विमानात बसायची वेळ येऊ नये.

पाण्याबद्दल मात्र मला जरा थांबून सांगायचं आहे. या बेटांवर नदी नाही, डोंगर नाही. जमीन समुद्रापेक्षा काही मीटरच उंच. पावसाचं गोडं पाणी वाळूत झिरपतं आणि खाली खाऱ्या पाण्यावर भिंगासारखा पातळ थर होऊन तरंगतं. विहिरीतून जास्त उपसलं की खालचं खारं पाणी वर येतं आणि विहीर बिघडते. कवरत्तीत २००५ मध्ये, आणि पुढे मिनिकॉय व अगत्तीत, समुद्राच्या पाण्यातून रोज एक लाख लिटर गोडं पाणी काढणारे प्रकल्प झाले. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली आणून त्याची वाफ करतात आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून ओढलेल्या थंडगार पाण्यानं ती वाफ निववतात. हे पाणी तिथल्या घरांसाठी आहे. समुद्रातून आल्यावर प्रत्येकानं अर्ध्या तासाचा शॉवर घेतला तर शेजारच्या घरच्या बादलीतलं पाणी आपण वापरलेलं असतं. माझ्या गटात एक बादली आणि एक तांब्या असा नियम आहे, आणि आजवर कोणी कुरकुर केलेली नाही. नाशिकच्या माणसांना उन्हाळ्यातल्या टँकरची आठवण पुरेशी आहे.

तसंच प्रवाळाचं. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापून इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, २०२४ मध्येही पुन्हा तेच झालं. मी पहिल्यांदा अगत्तीच्या ज्या जागी डोकं पाण्याखाली घातलं होतं, तिथे आज अर्धं करडं रान आहे. शेजारी नव्यानं फुटलेल्या फांद्याही आहेत, बोटाएवढ्या, निळसर टोकांच्या. त्यावर उभं राहू नका. पाय टेकायचा तर वाळूवर. सनस्क्रीन थापण्यापेक्षा सगळ्यांना लांब बाह्यांचे पोहायचे कपडे घ्या, ते उन्हालाही चांगले आणि पाण्यालाही. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा मुलगी उचलेल आणि दप्तरात ठेवेल, सगळी मुलं ठेवतात. वन्यजीव कायद्याखाली कठीण प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडा नेणंही गुन्हा ठरतो. विमानतळावर रडारड होण्याऐवजी तिला पहिल्याच दिवशी सांगा, आणि तुकड्याचं चित्र काढायला वही द्या.

तुमच्या यजमानांना स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून खोल बुडी, करायचं आहे असं लिहिलंय. जरूर करावं. पण ते अगत्तीच्या मुक्कामाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी उरकायचं. शेवटच्या बुडीनंतर विमानात बसायच्या आधी चोवीस तास गेले पाहिजेत. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो, आणि उंचावर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. शेवटच्या सकाळी ‘एक घाईची बुडी’ कोणी देऊ केली तर नाही म्हणा.

आणि मुलीला स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं, जमेल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. नऊ वर्षांच्या मुलांना छान जमतं, मोठ्यांपेक्षा लवकर. अगत्तीच्या खाजणात समुद्री गवत चरायला हिरवी कासवं येतात. नशीब असेल तर तिला अगदी गुडघाभर पाण्यातून ती दिसतील. फक्त मास्क लावून तोंडानं श्वास घ्यायची सवय तिथे जाऊन करायची नाही. तिच्या चेहऱ्याला बसणारा मास्क आत्ताच घ्या, बाहेरचे भाड्याचे मास्क मोठ्यांच्या मापाचे असतात आणि पाणी आत येतं. निघायच्या आधीचे सहा-सात रविवार तिला नाशिकच्या पोहण्याच्या तलावावर नेऊन, कडेला धरून, पाण्यात तोंड घालून शंभर आकडे मोजायला लावा. सासूबाईंनाही बरोबर न्या, पाण्याची भीती गेली तर त्याही कमरेएवढ्या पाण्यात बसून मास्कमधून खाली बघतील.